दोन ठोक्यांमधली विश्रांती

सामायिकास बसताना घड्याळाकडे एकदा दृष्टी टाकण्याची आपली सवय असते. अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे एक मुहूर्त. तेवढा वेळ सावद्य व्यापारातून निवृत्ती, वाणीला विराम आणि शरीराला स्थैर्य. धरमपेठेतील कितीतरी घरांत पहाटे हे दृश्य दिसते. कुणी अंबाझरीच्या बाजूला फेरफटका मारून आलेले असते, कुणाला थोड्याच वेळात गोकुळपेठेत दुकान उघडायचे असते. पण ती अठ्ठेचाळीस मिनिटे दुकानाची नसतात, घराचीही नसतात.

मात्र त्या स्थिर बसलेल्या देहात एक अवयव क्षणभरही आसन धरून बसलेला नसतो. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका सामायिकात हृदय सुमारे ३,४५० वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याला ते साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे त्या एका मुहूर्तात सुमारे २४० लिटर, आणि अहोरात्रात सात हजार लिटरांहून अधिक. घराच्या गच्चीवर हजार लिटरांची जी टाकी असते, तशा सात टाक्या रोज भरून रिकाम्या करण्याइतके हे काम आहे. आणि ते करणारा अवयव आपल्या मिटलेल्या मुठीएवढा, जेमतेम पाव किलो ते तीनशे ग्रॅम वजनाचा आहे.

मुहूर्ताचे जुने गणित

मुहूर्ताला शरीराच्या लयीत मोजण्याची परंपरा आपल्या आगमांत फार जुनी आहे. अनुयोगद्वार सूत्रात आणि भगवती सूत्रात कालगणनेची जी साखळी दिली आहे, ती अनेकांना पाठ असेल. निरोगी, चिंतामुक्त माणसाचे सात उच्छ्वास म्हणजे एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव आणि सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त. गुणाकार केला की मुहूर्ताचे ३,७७३ उच्छ्वास होतात.

आता या संख्येला ४८ ने भागून पाहावे. उत्तर येते मिनिटाला साधारण ७८.६. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो; त्या गतीशी हा आकडा जुळत नाही. पण मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली, तर तो अगदी जवळचा वाटतो. ग्रंथकारांना नाडीच अभिप्रेत होती, असे एवढ्यावरून म्हणणे घाईचे ठरेल. मूळ शब्द उच्छ्वास असाच आहे. तरीही काळाचे माप बाहेरच्या यंत्रात न शोधता निरोगी देहाच्या लयीत शोधावे, आणि ते मोजताना माणूस स्वस्थ व निश्चिंत असला पाहिजे अशी अट घालावी, यातील सूक्ष्म दृष्टी विलक्षण आहे. आजचे डॉक्टरही नाडी आणि रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसायला सांगतात.

आवक-जावक जुळेना, म्हणून लागलेला शोध

रक्त शरीरात गोल फिरते, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु सुमारे चौदाशे वर्षे युरोपातील वैद्यक वेगळेच शिकवीत होते. गॅलेन या प्राचीन वैद्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होई, ते शरीरभर जाई आणि तेथेच खर्ची पडे. म्हणजे रोज नवा माल तयार करायचा आणि रोज संपवायचा.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने हा समज मोडला, तो एखाद्या हिशेबी माणसासारखा आकडेमोड करून. १६२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लहानशा लॅटिन ग्रंथात त्याने साधा प्रश्न विचारला. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त बाहेर पडते? त्याने मुद्दाम अगदी कमी अंदाज धरला. अर्ध्या तासात हजार ठोके धरले. तरीही जी बेरीज आली, ती माणसाच्या संपूर्ण शरीरात असलेल्या रक्ताहून अधिक होती. एवढे रक्त अर्ध्या तासात कोणत्या अन्नातून तयार होणार? आणि ते जाणार कोठे? जावक इतकी प्रचंड आणि आवक इतकी थोडी असेल, तर रोजमेळ जुळण्याचा एकच मार्ग उरतो. गेलेले परत येत असले पाहिजे.

पेढीवर बसणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. भांडवल पाच लाखांचे आणि वर्षाची उलाढाल कोटीची, असे आपण सहज म्हणतो, कारण तेच भांडवल पुनःपुन्हा फिरते. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त साधारण पाच लिटर. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला तेवढेच, म्हणजे सुमारे पाच लिटर रक्त बाहेर टाकते. याचा अर्थ आपले सगळे भांडवल दर मिनिटाला एक फेरी पूर्ण करते. हृदय साठा करीत नाही. ते फक्त फिरते ठेवते.

येथे एक गोष्ट अहिंसेच्या उपासकांनी डोळ्यांआड करू नये. हार्वेने आपली निरीक्षणे जिवंत प्राण्यांची चिरफाड करून केली. त्या ज्ञानाचे ऋण आपण सगळेच वापरतो. ते कोणाच्या वेदनेतून आले, याची जाणीवही ठेवावी. आज इकोकार्डिओग्राफीच्या पडद्यावर, कोणालाही इजा न करता, धडधडते हृदय आणि त्याच्या उघडमिट होणाऱ्या झडपा पाहता येतात, ही म्हणूनच समाधानाची बाब आहे.

हार्वेचा एक प्रयोग मात्र पूर्णपणे निरुपद्रवी होता आणि तो आपण घरी करू शकतो. हात खाली सोडून थोडा वेळ थांबावे, म्हणजे मनगटाच्या वरची एखादी शीर फुगून दिसेल. तिच्यावर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने त्या शिरेतले रक्त कोपराच्या दिशेने पुसत न्यावे. वरचे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो. वरून रक्त मागे येत नाही, कारण शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या बारीक झडपा असतात. खालचे बोट उचलताच ती शीर खालून झटकन भरते. शिरांतले रक्त हृदयाकडेच जाते, याचा हा पुरावा आपल्या हातावरच आहे.

धमन्यांतले रक्त शिरांत नेमके कोठून शिरते, हे हार्वेला दिसले नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर, १६६१ मध्ये, मार्सेलो माल्पिघी या इटालियन संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक अशा केशवाहिन्या पाहिल्या आणि साखळीचा तुटलेला दुवा जोडला गेला.

चार दालने, चार झडपा

हृदय दिसते एक, पण ते काम दोन पेढ्यांचे करते. मध्ये एक पक्की भिंत आहे. उजवीकडे अशुद्ध रक्ताचा व्यवहार, डावीकडे शुद्ध रक्ताचा. प्रत्येक बाजूला दोन दालने असतात. वरचे अलिंद रक्त स्वीकारते, खालचे निलय ते पुढे पाठवते.

शरीरभर प्राणवायू देऊन थकून आलेले रक्त महाशिरांतून उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात आणि मग फुप्फुसांत. फुप्फुसे जवळच असल्याने हा फेरा लहान असतो आणि उजव्या निलयाची भिंत पातळ असली तरी भागते. फुप्फुसांत कार्बन डायऑक्साइड सोडून आणि प्राणवायू घेऊन रक्त डाव्या अलिंदात परतते, डाव्या निलयात उतरते आणि तेथून महाधमनीत फेकले जाते. टाळूपासून तळपायापर्यंत रक्त पोहोचविण्याची जबाबदारी या डाव्या निलयाची. म्हणून त्याची भिंत उजव्याच्या कितीतरी जाड असते. डॉक्टर १२०/८० असा रक्तदाब सांगतात, तेव्हा वरचा आकडा या निलयाच्या आकुंचनाच्या वेळचा आणि खालचा विश्रांतीच्या वेळी धमन्यांत टिकून असलेल्या दाबाचा असतो.

प्रत्येक दालनाच्या दारात झडप आहे. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ‘लब-डब’ हा ध्वनी या झडपा मिटण्याचा आहे. आपल्या देशात लहानपणीच्या संधिवाती तापामुळे या झडपा खराब होण्याचे प्रमाण मोठे होते आणि अजूनही ते संपलेले नाही. झडप बदलावी लागते, तेव्हा आपल्या समाजातील कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहतो, ज्याची चर्चा सहसा होत नाही. कृत्रिम झडपांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक गायीच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनवलेली, दुसरी पूर्णपणे यांत्रिक. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीची यांत्रिक झडप विकसित झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. धातूची चौकट आणि विशेष प्लास्टिकची चकती असलेल्या या झडपेत प्राण्याची ऊती नाही. मात्र यांत्रिक झडप बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर आणि काटेकोरपणे घ्यावे लागते. वय, इतर आजार, रक्तस्रावाचा धोका यांवर निवड अवलंबून असते. तेव्हा हा प्रश्न संकोच न करता शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनला विचारावा. शेवटच्या क्षणी किंवा शस्त्रक्रियेनंतर खंत करून उपयोग नसतो.

ज्याला कोणी हुकूम देत नाही

हात उचलायचा तर मेंदूची आज्ञा लागते. हृदयाला ती लागत नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो आपोआप विद्युत्संदेश निर्माण करतो. तो संदेश अलिंदांतून पसरतो, मध्यावर क्षणाच्या दहाव्या भागाइतका थबकतो आणि मग निलयांकडे जातो. ही थबक हेतुपूर्वक आहे. तेवढ्या वेळात अलिंदांतले रक्त निलयांत पूर्णपणे उतरते. हा विद्युत्प्रवाह कागदावर उमटवण्याचे उपकरण विल्यम आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध केले आणि १९२४ मध्ये त्याला नोबेल पुरस्कार मिळाला. आज कोपऱ्यावरच्या दवाखान्यात निघणारा ईसीजी तो हाच.

हृदयाच्या या स्वायत्ततेची कसोटी आपल्या महाराष्ट्रातही लागली. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पण ज्या काळात साधनांची वानवा होती, त्या काळात महापालिकेच्या एका रुग्णालयात हे धाडस झाले, ही गोष्ट लहान नाही. देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. प्रत्यारोपित हृदयाच्या मज्जातंतूंच्या जोडण्या शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात. तरीही ते नव्या देहात आपल्याच लयीने चालू लागते.

मज्जातंतू हृदय चालवीत नाहीत, पण वेग कमी-अधिक करतात. भय, क्रोध, घाई यांनी तो वाढतो. दीर्घ, संथ श्वासाने तो उतरतो. कायोत्सर्गात उभे असताना मनगटावर बोटे ठेवली, तर श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते आणि घेताना किंचित वाढते, हे कित्येकांना जाणवेल. तरुण, निरोगी माणसात हा फरक अधिक स्पष्ट असतो.

स्वतःचा वाटा विश्रांतीत

आता या सगळ्या रचनेतील सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्यासारख्या व्यापारी माणसांनी मनावर कोरून ठेवावी अशी गोष्ट.

एका ठोक्याचे चक्र साधारण ०.८ सेकंदाचे असते. त्यांपैकी निलयांचे आकुंचन सुमारे ०.३ सेकंद आणि शिथिलन सुमारे ०.५ सेकंद. म्हणजे जो अवयव जन्मापासून मृत्यूपर्यंत कधीच थांबत नाही असे आपण म्हणतो, त्याचे स्नायू प्रत्यक्षात चोवीस तासांपैकी जवळपास पंधरा तास विसावलेले असतात. त्याची विश्रांती रात्रीसाठी राखून ठेवलेली नसते. ती प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये वाटून दिलेली असते.

आणि याच विश्रांतीत हृदय जेवते. हृदयाच्या दालनांतून मिनिटाला पाच लिटर रक्त जात असले, तरी त्याची जाड भिंत त्यातून आपला वाटा परस्पर काढून घेत नाही. महाधमनी हृदयातून बाहेर पडताच तिच्या मुळाशी दोन बारीक शाखा फुटतात. त्या हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या. एकूण रक्तापैकी साधारण विसावा हिस्सा त्यांच्यातून जातो. डावे निलय आवळले जाते, तेव्हा त्याच्या भिंतीत शिरणाऱ्या या वाहिन्याही आवळल्या जातात. ते सैल पडते, तेव्हाच त्यांतून रक्त मोकळेपणाने वाहते. म्हणून नाडीचा वेग वाढतो, तेव्हा काम वाढते आणि त्याच वेळी जेवायचा अवधी घटतो. कारण वेग वाढताना कात्री लागते ती मुख्यतः विश्रांतीच्या काळाला. निरोगी धमन्या रुंदावून ही तूट भरून काढतात. अरुंद झालेल्या धमन्यांना ते जमत नाही.

‘गल्ला मोजून झाला की जाऊ’

धमनीच्या आतल्या अस्तराखाली मेदाचा थर वर्षानुवर्षे साचत जातो. तो जाड झाला की जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबल्यावर बरे वाटते. हा इशारा असतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि धमनी बंद होते. त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू अर्ध्या-पाऊण तासातच मरू लागतो. पुढच्या काही तासांत नुकसान पसरत जाते. मेलेला हृदयस्नायू पुन्हा जवळजवळ उगवत नाही. त्याजागी केवळ व्रण राहतो.

हे सारे ज्या प्रसंगी घडते, तो प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी घरात किंवा शेजारी पाहिला असेल. दिवाळीचा हंगाम, काउंटरवर गर्दी. मालकांचा चेहरा उतरलेला, कपाळावर घाम.

“अहो, एवढा घाम का सुटलाय? बसा ना जरा.”

“काही नाही गं, दुपारचा गॅस असेल. गल्ला मोजून झाला की जाऊ डॉक्टरांकडे.”

मग सोड्याचे पाणी, मग ओव्याची फक्की, मग छातीला मलम. गिऱ्हाइकाला परत पाठवायचे नाही हा बाणा व्यापारात भूषण असेल. हृदयाच्या बाबतीत तो प्राणांशी गाठ घालतो. छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी कळ, थंड घाम, धाप, मळमळ यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले आणि काही मिनिटांत थांबले नाही, तर ते हृदयाचेच आहे असे धरून चालावे. स्त्रियांत आणि मधुमेहींत कळ नसतेही. केवळ अतोनात थकवा, धाप किंवा पोटात जळजळ एवढेच असते. म्हणून घरातल्या आईचे किंवा काकूंचे ‘बरं वाटत नाहीये’ हलके घेऊ नये. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नये, जिना चढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा कुणीतरी तत्काळ ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ईसीजी सांगतो तेवढे अनुभवी शेजारी सांगू शकत नाही.

माणूस कोसळला, शुद्ध हरपली आणि श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. थांबलेल्या हृदयाचे काम त्या वेळी आपले हात करीत असतात. हे शिकायला एक दुपार पुरते. भगवान महावीर जन्मकल्याणकाला आपण रक्तदान शिबिरे घेतो, तशी एक दुपार या प्रशिक्षणालाही द्यावी.

आपल्याला ठाऊक असूनही आपण चुकतो, याला अपवाद नाही. मुंबईचे ख्यातनाम हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांनी असंख्य रुग्णांच्या हृदयावर शस्त्रक्रिया केल्या आणि अंधेरीत मोठे रुग्णालय उभारण्याचा ध्यास घेतला. मे २००३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानेच त्यांचे निधन झाले. वय होते ५५. हृदय कोणाची विद्वत्ता पाहत नाही आणि कोणाची प्रतिष्ठाही पाहत नाही.

शाकाहार, उपवास आणि आपण

‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला हृदयविकार कसा होईल?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. शाकाहार हितकर आहेच. पण तो ढाल नव्हे. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात आढळतो. पापड, लोणची, खाकरे, शेव-फरसाण यांतून मीठ नकळत वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचा आहे. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून देशात दोन टक्क्यांची मर्यादा आली, तरी तेच तेल पुनःपुन्हा तापवून तळणे थांबलेले नाही. विदर्भातल्या कोपऱ्याकोपऱ्यावर घोटला जाणारा खर्राही आपल्या तरुणांपासून दूर राहिलेला नाही. व्यसनत्यागाचा उपदेश आपण ऐकतो. तंबाखू नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते, धमन्यांचे अस्तर बिघडवते, हे त्यामागचे शरीरशास्त्र आहे.

बैठकीच्या व्यवसायाची आणखी एक अडचण आहे. पायांतले रक्त वर चढवायला हृदय एकटे पुरत नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळतात आणि झडपा ते रक्त वरच ठेवतात. दिवसभर खुर्चीवर बसून किंवा काउंटरमागे एकाच जागी उभे राहून हा पंप बंद पडतो. तासाला पाच मिनिटे दुकानातल्या दुकानात चालले, तरी पायांची सूज पुष्कळ कमी होते.

आता तपश्चर्येबद्दल, आदरपूर्वक. अठाई, वर्षीतप, चौविहार उपवास ही आपल्या समाजाची मोठी शक्ती आहे. निरोगी देह उपवास चांगला सोसतो. पण पाणीही वर्ज्य असते, तेव्हा रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. पाच लिटरांचे भांडवल कमी झाले की तीच उलाढाल साधायला हृदयाला वेग वाढवावा लागतो. नागपूरच्या वैशाखात, पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकत असताना, शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडेही जादा रक्त पाठवावे लागते. वर्षीतपाची अखेर अक्षय तृतीयेला, म्हणजे नेमकी याच दिवसांत येते, हे लक्षात घ्यावे. लघवी वाढवणारी, साखर उतरवणारी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. ज्यांच्या कोरोनरी धमनीत स्टेंट आहे, त्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी उपवासाच्या कारणाने एक दिवसही परस्पर बंद करू नये. स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो एकाएकी बंद पडू शकतो.

व्रतभंगाची धास्ती येथे अनेकांना गप्प बसवते. पण पच्चक्खाणाच्या पाठांतच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा आगार आहे. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यात ठेवलेली आहे. शास्त्रकारांनी देहाची मर्यादा आधीच ओळखली होती. आपल्या प्रकृतीला उपवास झेपेल, की एकासणे, आयंबिल, नवकारशी असे तप योग्य ठरेल, हे गुरुभगवंतांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारावे. एकाला सांगून दुसऱ्यापासून लपवू नये.

सामायिक पारल्यावर

शेवटी एक छोटी विनंती. पुढच्या सामायिकाचा काळ पूर्ण झाला, ते पारले, की लगेच उठू नये. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दुसऱ्या हाताची तीन बोटे ठेवावीत आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. आकडा वहीत लिहावा. आठवडाभर असे केले की आपली विश्रांतीची नाडी कळते. ती साठ ते शंभरच्या दरम्यान आणि नियमित असावी. वारंवार शंभरच्या वर जात असेल, ठोके मधूनच चुकत असतील, किंवा फार मंद असून चक्कर येत असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. घरातल्या ज्येष्ठांची नाडी मुलांनी मोजावी. त्या निमित्ताने त्यांचा हात हातात येतो, हाही लाभच आहे.

ती मोजताना बोटांखाली एक ठोका लागतो, मग काहीच लागत नाही, मग पुन्हा ठोका लागतो. मधल्या त्या ‘काहीच नाही’कडे लक्ष द्यावे. त्याच वेळी हृदयाची दालने भरत असतात आणि त्याच वेळी त्याला स्वतःचा घास मिळत असतो. एवढा मोठा व्यवहार सांभाळणारी पेढीसुद्धा दर क्षणाला थोडा वेळ दार ओढून घेते. आपल्या दुकानाचे दार, छातीत कळ आली तर, भर दुपारीही ओढून घ्यायला हरकत नाही.